पाऊस केव्हा पडला?

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सांताक्रूझ म्हणजे कुर्ल्याचा शेजार. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी नदी त्या दिवशी पात्र सोडून कुर्ल्यातल्या चाळींत आणि झोपड्यांत शिरली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत मोजलेला पाऊस होता जेमतेम ७३ मिलिमीटर, आणि दोन्ही ठिकाणांत अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतलंच.

९४४ हा आकडा मुंबईकरांना पाठ आहे. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वर्षभरात सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुर्ल्यावर एका दिवसात जेवढं पाणी कोसळलं, तेवढं माणदेशाला मिळायला जवळजवळ दोन वर्षं जातात. तरीही माणमध्ये शेती होते. बाजरी होते, मटकी-हुलगा होतो, ज्वारी होते, मेंढरं जगतात. एकीकडे पाचशे मिलिमीटरवर भाकरीची सोय होते आणि दुसरीकडे हजारभर मिलिमीटर पाणी एका दिवसात समुद्राला मिळतं. पावसाच्या एकूण आकड्यावरून शेतीचं काहीच कळत नाही, ते यामुळे.

शेतकऱ्याचा हिशोब तारखांचा असतो. पेरणीला ओल हवी, फुटवे फुटताना हवी, फुलोऱ्यात हवी, दाणा भरताना हवी. आणि काढणीच्या वेळी आभाळ स्वच्छ हवं. मधल्या एखाद्या टप्प्यावर पंधरा दिवसांचा खंड पडला तर पुढे पडणारा दुप्पट पाऊसही तो तोटा भरून काढत नाही. शिवाय नुसता पाऊस पडून भागत नाही, वाफसा यावा लागतो. पाणी जिरून गेलं आहे, माती ओली आहे पण औताला चिकटत नाही, मातीच्या कणांमध्ये हवा खेळते आहे, अशी ती अवस्था. संततधार लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही आणि भर पावसाळ्यात पेरणी अडून बसते. शहरातल्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण पावसामुळे पेरणी न झालेली गावं महाराष्ट्रात दर दोन-चार वर्षांनी असतात.

कुर्ला स्वतः एकेकाळी या हिशोबात होतं. साष्टी बेटाचं मुख्य पीक भात. १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्फा ही गावं होरमसजी बमनजी वाडिया यांना मुंबईच्या कोटाजवळच्या जागेच्या बदल्यात दिली, तेव्हा ही भाताची आणि खाडीची गावं होती. उंचावर गोडी जमीन आणि खाडीलगत खार जमीन. खार जमिनीतलं भात हा हवामान आणि माती यांच्या नात्याचा फार सुंदर धडा आहे. उन्हाळ्यात या जमिनीच्या पृष्ठभागावर मीठ फुललेलं असतं. जूनचा पहिला जोरदार पाऊस पिकासाठी नसतोच. तो मीठ धुऊन काढण्यासाठी असतो. मीठ खाली गेलं की मोड आणलेलं बी, म्हणजे रहू, चिखलात फेकायचं. पुढे ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस कडक ऊन पडलं की वरची ओल उडते आणि खालचं खारं पाणी पुन्हा वर चढतं. रोपं करपतात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर दहा दिवसांच्या उघडिपीने पीक जातं, हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारेपणा सोसणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या भाताच्या जाती काढल्या त्या याच दहा दिवसांसाठी.

आणि त्याच खाडीच्या काठावर उलट प्रार्थना करणारी माणसंही होती. वडाळा, आणिक, घाटकोपर, कांजूर, भांडुप, मुलुंड हा सगळा मिठागरांचा पट्टा. उधाणाच्या भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत उन्हावर आटवायचं आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे दाणे धरू द्यायचे. पावसाळा सरल्यावर बांधबंदिस्ती, मग उन्हाळाभर मीठ. मे महिन्यात वळवाची एक जोरदार सर आली तर वाफ्यातलं मीठ विरघळून गेलं. वळवाच्या ज्या सरीने माळावर नांगरट सोपी होते, तीच सर मिठागरवाल्याच्या जिवावर येते. आगरी समाजातल्या कित्येक कुटुंबांनी या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात केल्या आहेत: पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ. एकाच घराला जूनमध्ये पाऊस वेळेवर हवा आणि मेमध्ये मुळीच नको. ऋतूंच्या सीमारेषा इतक्या काटेकोर असाव्यात अशी गरज मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसत नाही.

अलीकडच्या काळात कुर्ल्यात शेती शोधायची तर रुळांच्या कडेला बघावं लागायचं. 'अधिक धान्य पिकवा' योजनेतून रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना मोकळ्या पट्ट्या भाजीसाठी दिल्या, आणि कुर्ला-विद्याविहार भागात लोकलच्या खिडकीतून पालक, लाल माठ, मुळा, भेंडी यांचे वाफे वर्षानुवर्षं दिसत आले. नाल्याचं पाणी वापरण्यावरून या भाजीबद्दल तक्रारी झाल्या, आणि त्या रास्त होत्या. पण हवामानाची गोष्ट तिथेही दिसायची. थंडीत पालकाची पानं रुंद, मांसल. मे महिन्यात तोच पालक लवकर फुलावर येऊन निबर होतो, आणि जुलैच्या झडीत चिखल उडून, पानं कुजून त्याचा नुसता चोथा उरतो. गटाराच्या कडेचं अळू मात्र तेव्हाच माजतं.

स्टेशनबाहेरच्या टोपल्या त्याहून जास्त सांगतात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या ठाकर, कातकरी बायकांच्या पाटीत शेवळं दिसू लागतात. जांभळट, लांब कोंबाच्या जुड्या आणि सोबत मूठभर हिरवी आंबट काकडं, कारण शेवळांची खाज काकडांनी मरते. शेवळ हा सुरणाच्या कुळातला कंद. तो वर्षभर जमिनीत निपचित असतो आणि पहिल्या पावसाची ओल कंदापर्यंत पोचली की पान यायच्या आधी फुलाचा कोंब वर काढतो. त्यामुळे पाटीत शेवळं आली याचा अर्थ डोंगरउतारावर ओल वीतभर खाली गेली. पुढे टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, मग श्रावणाच्या तोंडावर कंटोळी. एकीनंतर एक येणाऱ्या या रानभाज्यांचा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्याला शहापूर-मुरबाडकडचा पाऊस कुठवर आला हे बाजारातच कळतं.

आता या डोंगरांकडेच जाऊ. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून उत्तरेकडे निघणारी एखादी मेल घ्या. दोनेक तासांत ती कसारा घाट चढून इगतपुरीला येते. अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे बाष्पाने जड झालेले असतात. सह्याद्रीची भिंत आडवी आली की त्यांना वर चढावं लागतं. बाष्पाने भरलेली हवा हजार मीटर वर गेली की साधारण सहा अंशांनी थंड होते, थंड हवेत बाष्प मावत नाही, आणि ते सह्याद्रीच्या माथ्यावर रितं होतं. म्हणून इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पलीकडे हीच हवा खाली उतरते, उतरताना तापते, आणि तापलेल्या हवेतले ढग विरळ होत जातात. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर पाऊस पडत असताना वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला अठराशेच्या आसपास आणि खाली वाईला साडेसातशेच्या आसपास, हे शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच वाचलं आहे. पण पुस्तकातल्या त्या उताराला पिकांचा रंग कसा येतो हे बघायचं तर गाडीच्या खिडकीत बसावं.

इगतपुरी-घोटीच्या खाचरांत भात. आवण, म्हणजे लावणीची रोपं, तयार करायची ती राब भाजून, मग चिखलणी, मग लावणी. इथला शेतकरी जमिनीच्या उंचीप्रमाणे भात निवडतो. उताराच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवं भात, जे सप्टेंबरअखेर उरकतं. खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत गरवं, जे आणखी महिनाभर उभं राहतं. मधल्या जमिनीत निमगरवं. डोंगरउतारावर नागली आणि वरई. एकाच शिवारात, एकाच पावसात, तीन वेगवेगळ्या तारखांना तयार होणारं भात लावणं ही पावसाच्या लहरीपणाविरुद्ध शतकानुशतकं घडवलेली तजवीज आहे. पाऊस लवकर संपला तर हळवं वाचतं, लांबला तर गरवं.

तिथून रेल्वेने ऐंशी किलोमीटरच्या आसपास निफाड. पाऊस पाचशेच्या जवळपास, म्हणजे माणदेशाएवढाच. इथे देशातली उत्तम द्राक्षं होतात, आणि ती पाऊस कमी असल्यामुळे होतात. गोदावरी-कादवेचं पाणी कालव्यांतून, विहिरींतून मिळतं; आभाळातून फारसं न आलेलंच बरं. द्राक्षबागेची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून पुढच्या घडासाठी काडी तयार होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. या दुसऱ्या छाटणीनंतरचे साठ-सत्तर दिवस बागाईतदाराला झोप नसते. पोंगा फुटताना आणि फुलोऱ्यात पाऊस आला, चार-पाच दिवस ढगाळ राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग पानांवर आणि घडांवर उतरतो. घडात पाणी साचलं की कूज होते. अशा दिवसांत फवारणीचा ट्रॅक्टर एकाच बागेत दिवसातून दोनदा फिरतो. आणि जानेवारी-फेब्रुवारीत साखर भरलेल्या मण्यांवर अवकाळी सर आली तर मणी पाणी शोषून तडकतो. एक तडकलेला मणी सगळा घड नासवतो. नुकसान मोजायचं झालं तर पाऊस पाच-दहा मिलिमीटरचा असतो. कुर्ल्यात एवढ्या पावसात कोणी छत्रीही उघडत नाही.

निफाडची थंडीही प्रसिद्ध. राज्यातलं नीचांकी तापमान हिवाळ्यात बहुधा इथेच नोंदलं जातं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा परिसर हा, कारण गव्हाला ही थंडी हवीच असते: थंडी जितकी टिकते तितका दाणा भरायला वेळ मिळतो. शेजारच्या बांधावरच्या द्राक्षाला मात्र तापमान चार-पाच अंशांवर गेलं की मण्यांना तडे जातात. मग पहाटे बागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकने पाणी सोडतो. एका बांधाच्या अलीकडे त्याच रात्री समाधान आणि पलीकडे धावपळ. 'यंदा हवामान चांगलं होतं का' या प्रश्नाला गावाचं एक उत्तर नसतं. पिकागणिक उत्तर बदलतं.

थोडं पुढे लासलगाव, कांद्याची पेठ. कुर्ल्याच्या गृहिणीला दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कांदा का रडवतो, याचं उत्तर इथल्या तीन हंगामांत आहे. पावसाळी कांदा म्हणजे पोळ, तो ऑक्टोबरपासून येतो पण टिकत नाही. त्यानंतर रांगडा. मार्च-एप्रिलमध्ये निघतो तो उन्हाळ कांदा, आणि तोच फक्त चाळीत साठवता येतो. एप्रिल ते सप्टेंबर सगळा देश त्या साठ्यावर चालतो. उन्हाळ कांदा काढणीला आला असताना अवकाळी पाऊस किंवा गारा झाल्या तर तो भिजलेला कांदा चाळीत जाऊन जुलै-ऑगस्टमध्ये सडतो. सप्टेंबरात जास्त पाऊस झाला तर पोळ कांद्याचं रोप आणि पीक दोन्ही जातं. म्हणजे ऑक्टोबरमधला भाव एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आणि सप्टेंबरमधल्या एका आठवड्यात ठरून गेलेला असतो. भाव वाढला की साठेबाजीकडे बोट दाखवलं जातं. साठेबाजी होत नाही असं नाही, पण आधी चाळीत काय सडलं ते पाहायला हवं.

मनमाड ओलांडलं की बाजरी आणि मका, मग खानदेश. जळगाव, रावेर, यावलच्या केळीला मे महिन्यातला उष्ण वारा आणि जूनच्या सुरुवातीचं वादळ हे दोन वैरी. घडाने वाकलेलं झाड वादळात कमरेतून मोडतं, म्हणून बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट भिंत उभी करतात.

भुसावळनंतर वऱ्हाड, आणि कापूस. इथे कुर्ल्याची एक जुनी गाठ आहे. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये कुर्ल्यातली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल झाली. त्याआधी १८७७ मध्ये त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली होती. दोन गिरण्यांच्या जागा म्हणजे हवामानाचीच दोन टोकं. सूतकताईला दमट हवा लागते, कोरड्या हवेत धागा तुटतो. कुर्ल्याला ती खाडीवरून फुकट मिळायची. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र गिरणीत हवा दमट ठेवायची यंत्रं बसवावी लागली. उलट कापसाचं बोंड फुटायला लागतं कोरडं ऊन, आणि ते विदर्भात. ज्या दमटपणात सूत चांगलं निघतं त्यात बोंड सडतं. म्हणूनच शेत वऱ्हाडात आणि गिरणी मुंबईत ही विभागणी झाली; रेल्वे आणि बंदर हे कारण मोठं होतंच, पण हवेचाही वाटा होता.

कापसाचं बहुतेक क्षेत्र आजही कोरडवाहू. काळी माती ओल धरते खरी, पण मृगात सरकी टोबली आणि पुढे वीस दिवस पाऊस नाही आला तर उगवलेलं रोप माना टाकतं आणि दुबार पेरणी येते. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा, मजुरीचा, औताचा खर्च दुसऱ्यांदा. कर्ज मात्र पहिल्याच पेरणीत संपलेलं असतं. त्या वर्षीच्या वार्षिक सरासरीत हे वीस दिवस दिसतही नाहीत. ऑगस्टमध्ये चार अतिवृष्ट्या झाल्या की कागदावर तालुका 'शंभर टक्के' होतो.

नागपूरचा संत्रा बागाईतदार तर मुद्दाम दुष्काळ घडवतो. बागेला पाणी तोडून ताण द्यायचा, झाडाची वाढ थांबवायची, आणि मग पाणी दिलं की झाड फुलतं. हिवाळ्याच्या शेवटी फुलतो तो आंबिया बहार, उन्हाळ्याच्या ताणानंतर पावसाने फुलतो तो मृग बहार. ताणावर असलेल्या बागेत अवेळी एक सर आली की ताण मोडतो, फूल निघण्याऐवजी पालवी फुटते आणि बहार हातचा जातो. कोकणातल्या हापूसचं दुखणं याच जातीचं: पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला आणि रात्री गार झाल्या नाहीत, तर मोहोराच्या जागी पालवी येते. मुंबईकर एप्रिलमध्ये विचारतात, यंदा आंबा महाग का? उत्तर डिसेंबरच्या रात्रींत असतं.

या सगळ्यांत मला सर्वांत थोर वाटते ती सोलापूर-मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर तिची मालदांडी ही जात पेरतात. त्यानंतर ती कापेपर्यंत आभाळातून एक थेंबही न आला तरी पीक येतं. मीटर-दीड मीटर खोल काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल मुरलेली असते, मुळं तिच्या मागे खाली खाली जातात. थंडी पडली की पहाटेचं दव पानांवर येतं. काळी माती सुकताना भेगा पडतात आणि त्या भेगांतून ओल उडते, म्हणून शेतकरी तीन-चार कोळपण्या करतो. कोळप्याने वरचा थर मोकळा झाला की भेगा बुजतात, खालची ओल खालीच राहते. कोळपणी म्हणजे त्याचं पाणी देणं. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरवर भाकरी उभी करण्याची ही विद्या कोणत्याही विद्यापीठाच्या आधीची आहे, आणि विद्यापीठांनीही ती मान्य करून पुढे नेली.

या तारखा लक्षात ठेवायला आपल्या शेतकऱ्याकडे नक्षत्रं आहेत. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २२ जूनच्या आसपास. मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि पुढे थेट हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत. महिन्याचा हिशोब पिकाला फार ढोबळ पडतो, आठवड्याचा फार बारीक. पंधरवड्याच्या या कप्प्यांत पिकाचा एकेक टप्पा नेमका बसतो. पंचांगातल्या नक्षत्रांच्या वाहनांवर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ही कालगणना शेकडो पावसाळ्यांच्या निरीक्षणातून आली आहे. भारतीय हवामान विभागाने १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तोही पिकाच्या अवस्था आणि हवामान यांची हीच सांगड मोजमापाने घालण्यासाठी.

अडचण अशी की नक्षत्रं जागेवर आहेत, पाऊस जागचा हललाय. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मे रोजी पोचला. नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. शहरात उकाडा संपल्याचा आनंद झाला. राज्यात त्याआधीचा मे महिनाही पावसातच गेला होता. शेतात पडलेला उन्हाळ कांदा भिजला, नांगरट आणि वखरण राहून गेली, कोकणात राबाच्या आणि धूळवाफेच्या पेरणीचं गणित बिघडलं. त्यानंतर मान्सून थबकला आणि जूनचे पहिले दोन आठवडे बऱ्याच भागात कोरडे गेले. कृषी विभाग सांगत होता की पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल येऊ द्या. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर येऊन सोलापूर, धाराशिव, बीडच्या शिवारांत पाणी भरलं. काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, कित्येक ठिकाणी जमिनीची माती खरडून गेली. माती गेली की तोटा एका हंगामाचा राहत नाही. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

हे एका वर्षाचं दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याच काळात तिथला मान्सूनचा एकूण पाऊस वाढला नाही, उलट थोडा घटला. अरबी समुद्र तापतो आहे, बाष्पाचे लोट मध्येच उसळून येतात, आणि दोन लोटांमध्ये कोरडे दिवस वाढतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. सुपारी पुन्हा धरायला पाच-सात वर्षं लागतात. दोन वादळांतलं अंतर एका वर्षाचं होतं.

मग करायचं काय? शेतकरी आणि शास्त्रज्ञ हातावर हात धरून बसलेले नाहीत. सोयाबीन आता कित्येक जण रुंद वरंबा-सरीवर पेरतात. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी वाहून जातं, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल वरंब्याला पुरते. टंचाई आणि अतिरेक या दोन्हींसाठी एकच उपाय. द्राक्षबागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन येतंय, खर्चिक आहे, पण येतंय. शेततळ्याने फुलोऱ्यातलं एखादं संरक्षित पाणी मिळालं तर हरभऱ्याचं पीक वाचतं.

शासकीय मापं मात्र अजून एकूण पावसातच अडकली आहेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. कुर्ल्यात जुलैमध्ये असे दिवस नेहमीचे, कोणी त्यांची दखलही घेत नाही. कापणी करून शेतात पसरलेल्या सोयाबीनवर वीस मिलिमीटर पुरे होतात, पण ती अतिवृष्टी ठरत नाही. महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, हे मोठं काम झालं. पण एका मंडळात दहा-वीस गावं असतात आणि गारपीट दोन गावं सोडून तिसऱ्यावर होते. सांताक्रूझ आणि कुलाब्यात ९४४ आणि ७३ इतका फरक पडू शकतो, तर मंडळाच्या एका पर्जन्यमापकावर वीस गावांचा विमा आणि मदत ठरवणं अन्यायाचं आहे. प्रत्येक गावात पर्जन्यमापक हवा, आणि पीक कोणत्या अवस्थेत असताना पाऊस पडला वा खंडला, यावर भरपाई ठरायला हवी.

तोवर शहरातल्या वाचकाला एवढंच सांगायचं आहे. 'राज्यात सरासरीच्या १०५ टक्के पाऊस' अशी बातमी वाचलीत की तिथे थांबू नका. राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. तुमच्या गावाचं मंडळ उघडा. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेले दिवस मोजा आणि सर्वांत लांब कोरडा खंड कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता ते बघा. मग गावी फोन करून विचारा, त्या तारखांना पीक कोणत्या अवस्थेत होतं.